आडव्याची खबर

आमच्या गल्लीत कोण कुठं कामाला जातं हे मला तोंडपाठ आहे. तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, ती सवय निवृत्त झाल्यावर जाईल असं वाटलं होतं, पण गेली नाही. समोरच्या घरातला मल्लिनाथ लातुरातच मोटारींच्या एका शोरूममध्ये आहे. तो गाड्या विकत नाही. विकणारी पोरं वेगळी, मे महिन्यातही टाय लावून घामाघूम होणारी. मल्लिनाथचं काम गाडी विकून झाल्यावर सुरू होतं. लोक हार, नारळ आणि चार लिंबं घेऊन सहकुटुंब गाडी न्यायला येतात. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, लिंगायत मंडळी असली तर विभूतीचे तीन पट्टे ओढले जातात, चाकांखाली लिंबं जातात, फोटो होतात. मग मल्लिनाथ मालकाला स्टिअरिंगसमोर बसवतो, आपण शेजारी बसतो आणि तासभर एकेक बटण समजावून सांगतो. ऐकत कुणी नाही. लोकांचं सगळं लक्ष गाणी कशी लावायची याच्यात.

त्याला मात्र सांगण्याची हौस होती. आधी आठ वर्षं त्यानं जळकोट ते नांदेड जीप चालवली होती, आत सोळा आणि मागं लटकलेले चार. तेव्हा जीप मागं घ्यायची तर लटकलेली माणसंच टपावर थाप मारून सांगायची. आता तेच काम गाडीची गाडी करते याचं त्याला फार नवल होतं. तू मास्तर व्हायचास, असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाला, "बाई, मास्तर झालो असतो तर पोरांना रिव्हर्सच शिकवलो असतो. पुढं तर समदेच जातेत."

वडील गेले तेव्हा मल्लिनाथ दहा वर्षांचा होता. थोरल्या भावानं, ईश्वरप्पांनी, त्याला वाढवलं. ईश्वरप्पांची मार्केट यार्डात तुरीची आडत. ते आणि त्यांच्या बायको शिवकांता खालच्या मजल्यावर, मल्लिनाथ आणि त्याची बायको सुकन्या वरच्या. दोघा भावांत मूलबाळ नाही, त्यामुळे घरातला सगळा आवाज एकट्या सुकन्येचा. गल्लीत माझ्याशी भांडण्याची हिंमत असलेली ती एकटीच बाई होती. माझ्या कडुलिंबाचा पाला त्यांच्या गच्चीत पडतो म्हणून ती महिन्यातून एकदा भांडायची आणि संध्याकाळी शेंगांची चटणी घेऊन यायची. चटणीत तिखट जास्त असायचं. मी ते बोलून दाखवायची, मग पुन्हा भांडण.

गेल्या दसऱ्याला ईश्वरप्पांनी मोठी गाडी घेतली. अर्थात मल्लिनाथच्या शोरूममधून. घरच्या गाडीचं समजावणं त्यानं गल्लीतच केलं, अख्खी गल्ली गोळा करून. मागच्या बाजूनं आडव्या येणाऱ्या वाहनांची सूचना देणारी जी सोय होती तिला त्यानं आपलं नाव दिलं होतं, आडव्याची खबर. त्यांचं घर म्हणजे अरुंद फाटक, दोन्ही बाजूंना माणूसभर उंचीची भिंत, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की थेट गल्ली. गाडी आत तोंड करून उभी राहायची आणि सकाळी उलटी बाहेर निघायची. अशा घराला ही सोय म्हणजे देणगीच, असं तो म्हणाला होता.

आणि तिथंच घोळ झाला. सकाळी नऊला आमच्या गल्लीतून शाळेच्या रिक्षा, दूधवाले, पाण्याचा टँकर आणि शिकवणीला जाणारं अर्धं लातूर जातं. ईश्वरप्पा आंघोळ करून, इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून आडतीला निघायचे. गाडी रिव्हर्सला टाकली की पिक्-पिक्-पिक्. आता, कामाला निघालेल्या माणसाला मागून टोकायचं नाही हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. कुठं निघालात असं विचारायचं नाही, हाक मारायची नाही. कुणी टोकलंच तर माणूस माघारी येतो, पायरीवर टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग नव्यानं निघतो. ईश्वरप्पांना गाडी टोकू लागली. ते गाडी बंद करायचे, उतरायचे, पायरीवर बसायचे. शिवकांता तांब्या आणायच्या. पाणी पिऊन ते पुन्हा गाडीत बसायचे, पुन्हा रिव्हर्स, पुन्हा एखादी रिक्षा, पुन्हा पिक्-पिक्. एके दिवशी तीनदा पाणी पिऊन झालं. मी ओट्यावरून हसत होते, लपवलंही नाही.

"मल्लू, ते जरा दबवून टाक बाबा," असं त्यांनी भावाला सांगितलेलं मी कानांनी ऐकलं. मल्लिनाथनं स्क्रीनवर काहीतरी केलं. दोन-तीन दिवसांनी आवाज थांबला. बाहेर येईनासा झाला एवढंच मला माहीत. ईश्वरप्पा एका दमात आडतीला जाऊ लागले.

पुढचं पौषातलं. सुकन्या बहिणीला बसस्टँडवर जळकोटच्या गाडीत बसवून स्कूटीवर परत येत होती. मी ओट्यावर शेंगा फोडत होते. वाण्याच्या कोपऱ्यावरून ती वळली आणि आपल्या फाटकात शिरायचं म्हणून भिंतीच्या कडेनं आली. त्याच वेळी ईश्वरप्पांची गाडी बाहेर निघाली. तिनं गाडी पाहिली की नाही कोण जाणे, घरचीच गाडी, घरचाच माणूस, थांबेलच. आवाज फारसा झाला नाही. ती उडाली आणि नालीच्या सिमेंटच्या कडेवर डोकं आपटलं. हेल्मेट घरात खुंटीला होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. लिंगायतांत बसवून पुरतात. कपाळभर विभूती लावलेली, बसलेली सुकन्या मी पाहिली, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा, तर ही एवढा वेळ गप्प कशी बसली. मला रडू आलं नाही. घरी येऊन मी शेंगांची ती टोपली तशीच उचलून कोनाड्यात ठेवली आणि झोपले.

मल्लिनाथही रडला नाही. पोलिसांत जबाब झाले, गाडी आठ दिवस ठाण्याच्या आवारात राहिली, मग परत फाटकाच्या आत येऊन उभी राहिली. तिची किल्ली शिवकांतांनी देवघरात विभूतीच्या डबीमागं ठेवून दिली. चौदाव्या दिवशी मल्लिनाथ डबा घेऊन शोरूमला गेला. आंघोळ, पूजा, डबा, शोरूम, घर. विचारलं तर उत्तर द्यायचा, नाही विचारलं तर नाही. त्याचा चेहरा पाहून काही कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही काही कळून घ्यायचं नव्हतं.

"बाई, त्येनं डबा बी पुरा खाल्लेला असतोय," शिवकांता मला म्हणाल्या. "घासूनपुसून. मला त्येचीच भीती वाटून राहिली."

पण खरी भीती होती ती ईश्वरप्पांची. त्यांनी आडत सोडली. दिवसभर पायरीवर बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला, अगदी टँकरवाल्यालाही एकच सांगायचे. "हळू वाजली असंल गाडी. मला ऐकू आलं न्हाई. आवाज कमी करायला मीच सांगितलं व्हतं. धाकट्याची बायकू मी मारलो." आधी एक भाकरी खायचे, मग अर्धी, मग दुधात कुस्करलेला चतकोर. शिवकांता त्यांना नांदेडच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या त्यांनी दोन दिवस घेतल्या. चैत्र येईपर्यंत त्यांची पैरण खांद्यावर टांगल्यागत दिसू लागली.

अक्षय्य तृतीयेला माझा भाचा बालाजी बायकोला घेऊन नवी गाडी न्यायला अर्धापूरहून आला. केळीवाली माणसं, घाईची. नांदेडला गाडीला दोन महिने थांबा म्हणाले, म्हणून आत्याच्या ओळखीनं लातूरला. नारळ घेऊन मीही शोरूममध्ये गेले, आणि मागच्या सीटवर बसून मल्लिनाथचं समजावणं दुसऱ्यांदा ऐकलं.

शब्द तेच होते. आवाज दुसऱ्याच माणसाचा, किंवा कुणाचाच नाही. "मागच्या बंपरला दोन कोपरे. दोन्हींत प्लास्टिकच्या आत एकेक रडार. बाहेरून दिसत न्हाई. रिव्हर्स टाकला की जागं होतंय. डाव्या-उजव्या अंगाला लाट सोडतंय, लाट वाहनाला थडकून माघारी येतीय. किती वेळात आली त्यावरून वाहन किती लांब ते कळतंय. येताना लाट बदलून आली तर वाहन पळतंय, आणि आपल्याकडंच येतंय, हे बी कळतंय. मग आवाज देतंय आणि स्क्रीनवर ज्या अंगानं येतंय त्या अंगाचा बाण लावतंय."

"मंजे मागं कुत्रं बसलं तर वाजणार," बालाजी म्हणाला.

"न्हाई. बसलेल्याचं सेन्सर वेगळं, ते सरळ मागचं बघतंय. हे फक्त आडवं, पळतं. भिंतीपलीकडचं ह्याला दिसत न्हाई. पायी माणूस धरलंच असं न्हाई. चिखल बसला तर पुसायचं, कोपऱ्यावर लोखंडी गार्ड लावायचा न्हाई. हे खबर देतंय, ब्रेक आपण मारायचा."

"आत्या, ट्रॅक्टरला बी बसवून घ्यावं म्हणतो मी," बालाजी हसला, आणि मग आमच्याकडचा माणूस जे विचारणार तेच त्यानं विचारलं. "लई कटकट करायला लागलं तर बंद करता येतंय का हे?"

मल्लिनाथचं बोट स्क्रीनवर होतं. ते तिथंच राहिलं. बालाजीच्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं. बाहेर दुसऱ्या कुणाच्या गाडीपुढं नारळ फुटला, टाळ्या झाल्या. "येतंय," मल्लिनाथ म्हणाला. कसं ते त्यानं दाखवलं नाही. दार उघडून उतरला आणि वर्कशॉपच्या बाजूला चालू लागला.

मी त्याच्या मागं गेले. पाण्याच्या कूलरपाशी तो नुसता उभा होता, हातात ग्लासही नाही.

"बाई, अण्णाच्या गाडीतलं मी बंद केलतो," तो म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं. "अण्णानं कमी कर म्हणलं व्हतं. कमी केलो. तरी ते दुसऱ्या दिशी माघारी आले, पाणी प्याले. मी म्हणलं, रोजचीच कटकट, आपल्याला बी कामाला उशीर. बंद करून टाकलो. आणि अण्णाला सांगितलो, कमी केलंय मनून."

"म्हणजे त्या दिवशी गाडी वाजलीच नाही?"

"वाजायचं काय, ते बंदच व्हतं."

मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. चार महिने समोर एक माणूस न झालेल्या आवाजापायी अन्न सोडून बसलाय, आणि हा डबा पुसून खातोय! मी तसं बोलले, शोरूममध्ये, मोठ्यानं. टायवाली पोरं वळून पाहू लागली. तो मान खाली घालून ऐकत होता, वर्गात उभं केलेल्या पोरासारखा, आणि ते पाहून माझा राग आणखी वाढला.

"अण्णा मला हाकलतील याचं भ्या न्हाई मला," तो म्हणाला. "हाकलणारच न्हाईत ते. मला बघितलं की सुकन्या दिसंल त्येंला, आणि तरी वाढतील मला ताटात. ते कसं खाऊ मी?"

मग म्हणाला, "आणि बाई, चालू असतं तरी वाजलं असतं का, ते बी मला म्हाईत न्हाई. ती भिंतीला चिकटून आली. चिकटून येणारं वाहन खांबाच्या आड ऱ्हातंय, रडारला उशिरा दिसतंय. वेळेवर वाजलं असतं, का उशिरा वाजलं असतं. बघता येतंय ते. तीच गाडी, तीच गल्ली, धा मिनिटांचं काम. चार महिने झाले, मी बघून न्हाई राहिलो."

आठ दिवसांत सांग, नाही तर मी सांगते, असं बजावून मी बालाजीच्या नव्या गाडीत बसून घरी आले. वाटेत मला त्या गाडीचा रंगही आठवेना.

आठ दिवस लागले नाहीत. चौथ्या दिवशी ईश्वरप्पा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. लागलं फार नाही, पण शिवकांता माझ्या दारात येऊन जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे बी जाणार बगा आता." रडत नव्हत्या. त्या घरात सगळ्यांचंच रडणं आटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मल्लिनाथ माझ्या फाटकाशी आला. हातात शोरूममधून मागून आणलेली गाडीची बॅटरी. "चला बाई. तुम्ही असला तर मी पळणार न्हाई."

ईश्वरप्पा पायरीवर होते. कोपराला पट्टी. मल्लिनाथ त्यांच्यासमोर उभा राहिला आणि गिऱ्हाइकाला सांगावं तशा त्याच सपाट आवाजात म्हणाला, "अण्णा, त्या दिशी गाडी वाजली न्हाई. मी ते बंद केलतो. कमी केलंय मनून खोटं सांगितलतो तुमाला."

शिवकांता आतल्या उंबऱ्याशी होत्या, त्या तिथंच राहिल्या. ईश्वरप्पांनी भावाकडं वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून मी वाट पाहत होते. आलं ते भलतंच. लहान पोरानं आपल्यासाठी खाऊ राखून ठेवल्यावर पाहावं तसं त्यांनी मायेनं पाहिलं.

"मला बरं वाटावं मनून सांगून राहिलास," ते म्हणाले. "असू दे. तू बस."

मल्लिनाथचा चेहरा तेव्हा हलला, चार महिन्यांत पहिल्यांदा. आपण खून कबूल करावा आणि कुणी तो घ्यायलाच तयार नसावं! "खरं सांगून राहिलो, अण्णा." "बस म्हणलं की." "गाडीत दिसतंय ते, चला." "मी त्या गाडीला शिवणार न्हाई."

अशी दहा मिनिटं गेली. शेवटी माझीच सहनशक्ती संपली. "ईश्वरप्पा," मी म्हणाले, "तो खोटं बोलत असेल तर गाडी उघडून त्याला खोटा पाडा. उठा." मास्तरणीचा आवाज अजून शिल्लक आहे माझ्यात. ते उठले.

शिवकांतांनी देवघरातून किल्ली आणली. गाडीवर बोटभर धूळ होती. मल्लिनाथनं उतरलेल्या बॅटरीला आणलेली बॅटरी जोडली, इंजिन चालू केलं, स्क्रीनवर दोन-तीन ठिकाणी बोट टेकवलं आणि बाजूला झाला. खुणेच्या चौकोनात खूण नव्हती. बंद.

"आत्ता केलं असशील," ईश्वरप्पा म्हणाले.

"किल्ली माज्याकडं व्हती," शिवकांता बोलल्या. "देवापाशी. कुणी हात लावला न्हाई. आनि आत्ता तुमच्या डोळ्यांदेखतच बसला न्हवं तो?"

ईश्वरप्पा बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडं पाहत राहिले. टँकर येऊन गेला, बायका घागरी भरून गेल्या. मग त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते तेच, जे मल्लिनाथ चार महिने स्वतःला विचारत नव्हता. "चालू असती तर वाजली असती का रे?"

"म्हाईत न्हाई."

"बघ की मग."

मल्लिनाथनं चौकोनात खूण केली. आवाज पुरा वाढवला. ईश्वरप्पांना स्टिअरिंगसमोर बसवलं, शेजारचं दार उघडून आपण बसला, पुन्हा उतरला. मग माझ्याकडं आला. "बाई, वाण्याच्या कोपऱ्यावरून या. भिंतीला चिकटून. पंचवीसच्या वर न्हाई, ती तेवढीच चालवायची."

मी एकसष्ट वर्षांची आहे. माझी जुनी स्कूटी मंडईपलीकडं जात नाही. कोपऱ्यावर जाऊन मी ती वळवली. वाणी पुडी बांधायची थांबून बघत होता. फाटकाशी मल्लिनाथनं हात वर केला. मी निघाले. भिंत माझ्या कोपराला लागेल एवढी जवळ होती. हिला एवढं चिकटून यायची काय गरज होती, असा राग मला आला, मेलेल्या बाईचा राग. फाटकाच्या खांबांमधून गाडीचे लाल दिवे हळूहळू बाहेर यायला लागले. मी ब्रेक दाबायचा नाही असं ठरलं होतं. मी दाबला नाही.

आवाज माझ्यापर्यंत आला, इंजिनाच्या आणि माझ्या श्वासाच्या वरून. बंपर नुकता खांबांच्या रेषेत आला होता. पिक्-पिक्-पिक्, आणि लाल दिवे आणखी लाल झाले, गाडी जागच्या जागी थांबली. तिच्यात आणि माझ्यात एक बैल आरामात उभा राहिला असता एवढी जागा राहिली. मी तिच्या मागून निघून गेले आणि माझ्या कडुलिंबाखाली पाय टेकले.

ईश्वरप्पा गाडीतून उतरले ते दाराला धरून. "वाजली," ते म्हणाले. "आणि मी थांबलो. बाई, मी थांबलो की न्हाई?"

"थांबलात."

"मंजे मी थांबलो असतो." ते हुंदके देऊन रडले, फाटकाला टेकून, गल्लीसमोर. शिवकांता धावल्या. त्यांनी नवऱ्याला धरलं आणि त्याही रडल्या. बघता बघता माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाच्या चेहऱ्यावर रक्त आलं. चार महिने जे कुणाला जमलं नाही ते त्या पिक्-पिकनं केलं. त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि म्हणाले, "भाकर टाक. लई भूक लागली." जाताना त्यांनी मल्लिनाथच्या खांद्यावर हात ठेवला खरा, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. मग दोघं आत गेले. थोड्या वेळात भाकरी थापल्याचा आवाज बाहेर येऊ लागला.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा. ईश्वरप्पा जगणार होते. पण जे ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरलं ते काही हवेत विरलं नव्हतं. ते ज्याच्या डोक्यावर गेलं तो फाटकाशी उभा होता, हात खाली सोडून.

मी त्याच्याशी काय बोलायचं ते ठरवत होते. तुझा हेतू वाईट नव्हता, असं काहीतरी, जे बोलून कुणाचंच पोट भरत नाही. तेवढ्यात तो वळला आणि गाडीत जाऊन स्टिअरिंगसमोर बसला. गाडी पुढं घेऊन त्यानं होती तशी आत उभी केली. काच खाली घेतली.

"बाई," तो म्हणाला, "अजून एकदा या की."

"कशाला? बघितलं ना आता."

त्यानं नुसतं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. मी कोपऱ्यावर गेले, वळले, भिंतीच्या कडेनं आले. पिक्-पिक्. गाडी थांबली. मी निघून गेले. माझ्या कडुलिंबाखालून वळून पाहिलं तर तो तोंड हातांनी झाकून बसला होता, आणि त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं की रडतोय. मी तिथंच थांबले, त्याला रडू दिलं. मग हात खाली आले, गाडी परत आत गेली.

"अजून एकदा, बाई."

आतून ईश्वरप्पा त्याला जेवायला हाक मारत होते. वाणी दुकानातून बाहेर येऊन उभा राहिला होता, गल्लीतल्या दोन-चार बायकाही. ऊन चढलं होतं आणि माझं पाठीचं दुखणं सुरू झालं होतं. पुन्हा गेले. पुन्हा गाडी वाजली, पुन्हा तो थांबला, आणि त्याच्या फाटकापुढून स्कूटी सुखरूप पुढं निघून गेली. त्यानंतर किती वेळा ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी तो ब्रेक मारत होता, आणि प्रत्येक वेळी सुकन्या घरी पोचत होती. त्यानं पुन्हा काच खाली घेतली तेव्हा त्याला काही म्हणू न देता मी स्कूटी वाण्याच्या कोपऱ्याकडं वळवली.